हरून घरी न बसणारा म्हातारा: फील्डमार्शल ब्ल्यूशर

पडवीतला

धागा काढायचं निमित्त अगदीच किरकोळ आहे. परवा पुतणीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. तिने पाठ केलेलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं, "१८१५ साली वॉटर्लू येथे वेलिंग्टनने नेपोलियनचा पराभव केला." मी विचारलं, आणि ब्ल्यूशर? ती म्हणाली, "काका, तो ऑप्शनला टाकलाय."

तर हा ऑप्शनला टाकलेला माणूस.

गेबहार्ड लेबेरेश्ट फॉन ब्ल्यूशर. जन्म १६ डिसेंबर १७४२, बाल्टिक समुद्राकाठच्या रोस्टोकचा. नावातल्या 'फॉन'वर जाऊ नका. घराणं मेक्लेनबर्गमधलं जुनं, खानदानी, पण बाप सैन्यातून निवृत्त झालेला कप्तान आणि घरात पोरांचं लेंढार. वतन गेलं आणि पगडी राहिली, अशातली गत. शिक्षणाचाही आनंदच. मोठेपणी त्याने लिहिलेल्या पत्रांतलं शुद्धलेखन बघून त्याच्या चाहत्यांनाही घाम फुटतो.

पोरवयातच हा हुसार झाला. हुसार म्हणजे हलकं घोडदळ. टेहळणी करायची, छापे घालायचे, शत्रूची रसद तोडायची, पळणाऱ्याचा पिच्छा पुरवायचा. गंमत अशी की तो भरती झाला स्वीडनच्या सैन्यात आणि स्वीडन तेव्हा प्रशियाशीच (उत्तर जर्मनीतलं बलाढ्य राज्य) लढत होतं. १७६० मध्ये प्रशियाच्या हुसारांनी त्याला पकडलं. त्यांचा कर्नल बेलिंग लांबचा नातलग निघाला, पोरगं त्याला आवडलं, आणि कैदी म्हणून आलेला ब्ल्यूशर त्याच रेजिमेंटमध्ये अधिकारी होऊन बसला.

पुढे बढतीत डावललं गेल्यावर साहेबांनी राजीनामा खरडला. राजा कोण, तर फ्रेडरिक द ग्रेट. त्याने आधी याला काही महिने अटकेत ठेवलं आणि १७७३ मध्ये शेरा मारला, 'कप्तान ब्ल्यूशरने खुशाल सैतानाकडे जावं.' सरकारी कागदावर इतका मोकळाढाकळा शेरा मी तरी दुसरा वाचलेला नाही. मग लग्न, पोमेरेनियात शेती, मुलंबाळं, आणि दर थोड्या दिवसांनी परत घ्या म्हणून अर्ज. फ्रेडरिक जिवंत असेपर्यंत एकही अर्ज मंजूर झाला नाही. तो १७८६ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी ब्ल्यूशर जुन्या रेजिमेंटमध्ये मेजर म्हणून परतला. वय चव्वेचाळीस. ऐन उमेदीची चौदा वर्षं बटाटे आणि डुकरांत गेलेली.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या लढायांत त्याने नाव काढलं, जनरल झाला. ते भराभर सोडतो, कारण खरी गोष्ट १८०६ पासून सुरू होते. येना आणि आउअरश्टेट, नेपोलियनच्या फ्रेंचांशी एकाच दिवशी दोन लढाया, आणि प्रशियाचं नाव असलेलं सैन्य दुपारपर्यंत पाचोळ्यासारखं उडालं. आउअरश्टेटला ब्ल्यूशरने घोडदळाचे हल्ले चढवले, ते फसले. नंतरच्या आठवड्यांत प्रशियाचे किल्लेदार एकामागून एक किल्ल्या हवाली करत असताना हा मात्र उरलंसुरलं सैन्य घेऊन उत्तरेला लढत लढत ल्यूबेकपर्यंत गेला. पुढे समुद्र आणि डेन्मार्कची हद्द. ७ नोव्हेंबरला राटेकाऊ गावी त्याने शरणागती लिहून दिली, पण त्यातही हट्ट करून कारण नोंदवायला लावलं: 'भाकरी नाही आणि दारूगोळा नाही, म्हणून शरण येतो.' मला हे वाक्य फार आवडतं. हरलो हे कबूल, पण का हरलो तेही लिहा.

फ्रेंचांनी पुढे त्यांच्या जनरल व्हिक्टरच्या बदल्यात त्याला सोडलं. नंतरची काही वर्षं वाईट गेली. देश नेपोलियनच्या टाचेखाली, हा आजारी, दारू होती, जुगार होता, अधूनमधून डोकंही ठिकाणावर नसायचं. (हत्तीचा किस्सा माहीत असलेल्यांनी इथे गप्प बसावं, प्रतिसादांत बोलू.) १८१२ पर्यंत नोकरीतूनही बाजूला झाला होता. पेन्शनीतला सत्तरीचा म्हातारा.

आणि १८१३ मध्ये प्रशिया उठल्यावर याच म्हाताऱ्याला बोलावणं आलं. लुट्झेनला हार, बाउट्झेनला हार, मग कात्झबाखला विजय, ऑक्टोबरात लाइपझिगला मोठा विजय आणि फील्डमार्शलपद. १८१४ मध्ये फ्रान्सच्या भूमीत नेपोलियनने फेब्रुवारीच्या पाच दिवसांत याच्या विस्कळीत सैन्याला चार वेळा झोडपलं: शांपोबेर, मोंमिराय, शातो-तिएरी, वोशां. दुसरा कोणी असता तर ऱ्हाइनपलीकडे गेला असता. हा पुढच्या महिन्यात लाओंला पुन्हा उभा, आणि मार्चअखेर पॅरिसच्या वेशीवर. 'मार्शल फॉरवर्ट्स' म्हणजे 'पुढे व्हा सरदार' हे टोपणनाव त्याला उगाच मिळालेलं नाही.

आता मूळ मुद्दा. १६ जून १८१५, बेल्जियममधलं लिन्यी गाव. नेपोलियनने प्रशियन सैन्याला हरवलं. त्याने जिंकलेली ही शेवटची लढाई. अंधार पडता पडता मधली फळी फुटली, तेव्हा बहात्तर वर्षांचा सेनापती स्वतः घोडदळ घेऊन धावला. घोडा गोळी लागून कोसळला आणि हा त्याच्याखाली अडकला. अंगरक्षक अधिकारी नोस्टित्झ उडी मारून उतरला आणि बिल्ले-पदकं दिसू नयेत म्हणून त्याने म्हाताऱ्यावर डगला टाकला. फ्रेंच घोडेस्वार शेजारून पुढे गेले आणि रेटा आल्यावर तसेच मागे आले. दोन्ही वेळा त्यांना खाली कोण पडलंय ते कळलं नाही. पाऊस होता, अंधार होता. मग आपल्याच लोकांनी त्याला ओढून काढून एका घोड्यावर घातलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ जूनला, हा माणूस माघार घेऊन गाठलेल्या वाव्र गावाहून वेलिंग्टनच्या मदतीला वॉटर्लूकडे निघाला. अंग काळंनिळं, रस्ता म्हणजे नुसता राडा, लान ओढ्याच्या घळीत तोफांची चाकं आसापर्यंत रुतलेली. सैनिक म्हणाले, जमणार नाही. "पोरांनो, मी वेलिंग्टनला शब्द दिलाय. मला खोटं पाडणार का?" असं तो म्हणाल्याचं सांगतात. साडेचारच्या सुमारास त्याच्या तोफा नेपोलियनच्या उजव्या बगलेवर सुरू झाल्या.

नेपोलियनचा हिशेब असा की लिन्यीला मार खाल्लेलं सैन्य आता घरचा रस्ता धरील. हिशेब चूक नव्हता. माणूस चुकीचा होता.

---

तिरफळ

मस्त लिहिलंय. पण हत्तीचा किस्सा सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

---

पडवीतला

सांगतो. त्या वाईट काळात ब्ल्यूशरला म्हणे असं वाटायचं की आपल्याला दिवस गेले आहेत आणि पोटात हत्ती वाढतोय. आणि तो हत्ती एका फ्रेंच सैनिकाकडून! हे सांगणारा कोण, तर खुद्द वेलिंग्टन, तेही म्हातारपणी जेवणाच्या टेबलावर. प्रशियाचा जनरल शार्नहोर्स्ट याचंही एक वाक्य सांगतात, की याच्या पोटात शंभर हत्ती असले तरी सैन्य यालाच द्यायला हवं.

---

खवट_मास्तर

वेलिंग्टनचे म्हातारपणचे किस्से मिठाच्या खड्यासोबत घ्यावेत. शिवाय प्रशियन लोकांविषयी वेलिंग्टन बोलतो तेव्हा दोन खडे.

आणि धागाकर्त्याने जरा जास्तच आरती ओवाळली आहे. बढतीत 'डावललं गेलं' म्हणता, का डावललं ते शिताफीने गाळलंत. १७७२ च्या सुमारास पोलंडमध्ये एका पाद्र्यावर बंडखोरांना सामील असल्याचा संशय होता. ब्ल्यूशरने त्याच्यासाठी खड्डा खणायला लावला, डोळे बांधून उभं केलं आणि कोरे बार काढले. पाद्री मेला नाही. पण हा खेळ होता का? फ्रेडरिकचा शेरा मला तरी रास्त वाटतो.

दुसरं. मे १८१५, लिएज. व्हिएन्नाच्या परिषदेत सॅक्सनी या जर्मन राज्याचे दोन तुकडे करायचं ठरलं, त्याप्रमाणे सॅक्सन सैनिकांचीही वाटणी सुरू झाली. त्यांनी दंगा केला, ब्ल्यूशरच्या मुक्कामावर चाल केली, म्हातारा मागच्या दाराने निसटला. नंतर त्याने सात जणांना गोळ्या घातल्या आणि त्यांच्या पलटणीचं निशाण जाळायचा हुकूम दिला. जनरल बोर्स्टेलने निशाण जाळायला नकार दिला तर त्याचंच पद गेलं. ज्या पोरांना 'पोरांनो' म्हणतो म्हणून तुम्ही गहिवरता, त्यांच्यातलीच ही पोरं.

---

पडवीतला

मास्तर, पाद्र्याचं मुद्दाम गाळलं नाही, लांबी वाढत होती. पण ठीक आहे, गाळलं हे खरं. लिएजबद्दल काही बचाव नाही. बोर्स्टेलवर कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.

---

ऱ्हाइनची_शेजारीण

मी राहते तिथून काउब गाडीने तासाभरावर आहे. ३१ डिसेंबर १८१३ च्या रात्री ब्ल्यूशरने ऱ्हाइन ओलांडायला सुरुवात केली ती इथून. त्याचा मुक्काम होता त्या जुन्या खानावळीच्या इमारतीत आता त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

आधी उच्चाराचं. 'ब्लुचर' नाही आणि 'ब्लूकर'ही नाही. 'ब्ल्यूशर' बऱ्यापैकी जवळचं आहे, धागाकर्त्याला पैकीच्या पैकी.

काउबला गेल्याशिवाय ती रात्र कळत नाही. नदीच्या मधोमध खडकावर एक छोटा पांढरा किल्ला आहे, गलबताच्या आकाराचा, जुना जकातनाका. रशियन सैनिकांनी कॅनव्हास ताणलेल्या नावा एकाला एक बांधून आधी काठापासून त्या बेटापर्यंत आणि मग बेटापासून पलीकडे पूल टाकायला घेतला. दुसऱ्या टप्प्यात प्रवाहाने पूल तोडला, तो पुन्हा बांधावा लागला. मग पुढचे काही दिवस माणसं, घोडे, तोफा. पन्नासेक हजार माणूस त्या चिंचोळ्या गावातून खाली उतरलं. मी जानेवारीतच गेले होते. गावातून दोन माणसं छत्र्या उघडून शेजारी चालू शकत नाहीत, अशा गल्ल्या आहेत. वारा असा की हातमोज्यात बोटं बधिर. नदीकडे बघताना मनात एकच आलं, कॅनव्हासच्या नावा? इथे?

नदीकाठी पुतळा आहे त्याचा, हात पुढे करून. नवरा म्हणाला, "हा रिक्षा थांबवतोय." तेव्हापासून मला तसाच दिसतो.

---

तिरफळ

रिक्षा!!! दंडवत घ्या ताई.

---

चौकट_राजा

माझा आक्षेप वेगळा आहे. या सगळ्यात ब्ल्यूशरचा चीफ ऑफ स्टाफ ग्नायझेनाऊ कुठे आहे? १६ तारखेच्या रात्री ब्ल्यूशर घोड्याखाली होता, बेपत्ता होता. सैन्य कुठे न्यायचं हे ग्नायझेनाऊने ठरवलं. पूर्वेला, आपल्या रसदीच्या वाटेने गेला असता तर वॉटर्लू झालंच नसतं. तो उत्तरेला वळला, वाव्रकडे. म्हणजे वेलिंग्टनच्या हाकेच्या अंतरावर. अख्ख्या मोहिमेतला सगळ्यात महागडा निर्णय एका चीफ ऑफ स्टाफने घेतला आणि पुतळे म्हाताऱ्याचे.

कात्झबाखचंही तेच. २६ ऑगस्ट १८१३, धो धो पाऊस, बंदुकांची दारू भिजलेली, बारच निघेनात. फ्रेंच मार्शल मॅकडोनाल्डचं सैन्य अर्धं नदीच्या अलीकडे असताना त्याला गाठलं आणि संगिनी नि बंदुकीचे दस्ते घेऊन पुराच्या पाण्यात ढकललं. शंभरेक तोफा हाती लागल्या. त्यामागचा हिशेब कुणाचा?

---

पडवीतला

हे ब्ल्यूशरने स्वतःच मान्य केलंय हो. १८१४ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा ऑक्सफर्डने त्याला मानद डॉक्टरेट दिली. तो म्हणाला, मला डॉक्टर करताय तर ग्नायझेनाऊला निदान औषधवाला तरी करा, गोळ्या तोच वळतो.

वाव्रचं श्रेय ग्नायझेनाऊचं, बिनशर्त. पण त्याचा दुसरा अर्धा भागही सांगा ना. ग्नायझेनाऊचा वेलिंग्टनवर काडीचा विश्वास नव्हता. लिन्यीला हा मदतीला आला नाही, उद्या पुन्हा पाठ फिरवील, अशी त्याची खात्री. वाव्रला नेलेलं सैन्य पश्चिमेला वळवून वॉटर्लूला न्यायचं की नाही, हा प्रश्न उरलाच होता. तिथे म्हातारा हटून बसला. वेलिंग्टनने एखादी कोअर (सैन्याचा एक मोठा विभाग) तरी पाठवा म्हटलं होतं, याने कळवलं, सगळं सैन्य घेऊन येतो. गरज पडली तर मला घोड्याला बांधा म्हणाला.

म्हणजे रस्ता ग्नायझेनाऊचा, चाललेला पाय ब्ल्यूशरचा. धाग्यात मी पहिला अर्धा लिहिला नाही, ती चूक माझी.

---

चौकट_राजा

हे पटलं. तलवार म्यान.

---

जुईकाठ

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. मी मूळचा भोकरदनकडचा, असईपासून जवळचा. वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, हाच वेलिंग्टन (तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली) आमच्या केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. समोरासमोर दोन गावं दिसतात म्हणजे मधे उतार असणारच, एवढ्या तर्कावर त्याने नदी ओलांडली. उतार निघाला. त्याची दीड हजारांवर माणसं मेली नि जखमी झाली, त्याच्याखालचे घोडेही पडले. म्हातारपणी त्याला सर्वांत चांगली कामगिरी कोणती विचारलं तर वॉटर्लू नाही, 'असई' म्हणाला.

आणि जर्मन म्हणाल तर तिथेही होता. शिंद्यांच्या कवायती पलटणी त्या दिवशी ज्याच्या हाताखाली होत्या तो पोलमन हॅनोव्हरचा. तो काही फॉन नव्हता, कंपनी सरकारचा जुना सार्जंट. म्हणजे वेलिंग्टनने एका जर्मनाला असईला हरवलं आणि दुसऱ्या जर्मनाने त्याला वॉटर्लूला तारलं.

अजून एक धागा आहे. लिन्यीला ब्ल्यूशरच्या छावणीत इंग्रजांचा एक अधिकारी वेलिंग्टनचा माणूस म्हणून होता, हेन्री हार्डिंग. त्या दिवशी तोफगोळ्याने त्याचा डावा हात गेला. दुसऱ्या दिवशी हात कापलेल्या अवस्थेत तो पडला होता, तेव्हा ब्ल्यूशरने त्याला बोलावून मिठी मारली. म्हाताऱ्याचं अंग ठेचलेलं, त्यावर जिन आणि रेवाचिनीचा इलाज केलेला. मिठी मारता मारता म्हणाला, "मला जरा वास येतोय." हाच हार्डिंग १८४४ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. शिखांशी पहिल्या युद्धात फिरोजशहाच्या रणांगणावर त्याच्याकडे नेपोलियनची तलवार होती, वेलिंग्टनने दिलेली. त्या रात्री हरतो असं वाटल्यावर त्याने ती तलवार आधी सुरक्षित ठिकाणी पाठवली.

---

ऱ्हाइनची_शेजारीण

जुईकाठ, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. रेवाचिनी! आजी पोट साफ व्हायला द्यायची. इथे त्याच्याच जातभाईच्या देठांचा केक करतात, मला अजून खाववत नाही.

---

रूळावरून

अवांतर: जॉर्ज स्टीफन्सनने १८१४ मध्ये किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत चालवलेल्या पहिल्या इंजिनाचं नाव 'ब्ल्यूशर' होतं. चढावर ३० टन ओझं, ताशी ४ मैल. हळू, पण पुढे.

---

तिरफळ

ते पॅरिसच्या पुलाचं राहिलं की. मास्तर, तुमच्यासाठीच खास.

---

खवट_मास्तर

राहिलं नव्हतं, पुढच्या तोफेसाठी ठेवलं होतं. १८१५ च्या जुलैत पॅरिस हाती आल्यावर महाशयांना सेन नदीवरचा पूल उडवायचा होता, का तर त्याचं नाव येना, १८०६ च्या त्या पराभवाचं. सुरुंग भरलेसुद्धा. वेलिंग्टनने पुलावर ब्रिटिश पहारेकरी उभा केला, फ्रान्सचा राजा अठरावा लुईही मधे पडला, आणि पूल वाचला. नेपोलियन सापडला तर त्याला गोळी घालायची, हाही बेत होता. त्यालाही वेलिंग्टननेच नकार दिला. तुमचा हा म्हातारा रणांगणावर भला असेल, जिंकलेल्या शहरात त्याला मोकळा सोडू नये. रात्री तर पॅले रॉयालच्या जुगारअड्ड्यावर सापडायचा.

तरीही एक कबूल करतो. वॉटर्लूच्या रात्री नऊच्या सुमारास ला बेल अलियान्स नावाच्या खानावळीपाशी दोघे सेनापती भेटले. ब्ल्यूशर म्हणाला, "माइन लीबर कामराड! केल अफेर!" म्हणजे 'माझ्या प्रिय मित्रा! काय हे प्रकरण!' अर्धं जर्मन, अर्धं फ्रेंच. वेलिंग्टन पुढे सांगायचा की त्याला फ्रेंच तेवढंच येत होतं. त्या लढाईला 'ला बेल अलियान्स' म्हणावं, दोघांच्या युतीची लढाई, अशी ब्ल्यूशरची इच्छा होती. वेलिंग्टनने आपला मुक्काम होता त्या गावाचं नाव खलित्यावर घातलं. तुमच्या पुतणीच्या पुस्तकातलं वाक्य तिथूनच निघालंय.

---

पडवीतला

मास्तर, हा प्रतिसाद वहीत उतरवून ठेवतोय.

शेवट राहिला तो सांगून टाकतो. राजाने त्याला वालश्टाटचा फ्युर्स्ट, म्हणजे प्रिन्स, केलं होतं, सायलेशियात क्रीब्लोवित्झची जहागीर दिली होती. १२ सप्टेंबर १८१९ ला तिथेच गेला. पुढे त्याच्यासाठी गोल दगडी समाधी बांधली. १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी ती फोडून अवशेष बाहेर काढले. गाव आता पोलंडमध्ये आहे, नाव क्रोबिएलोव्हित्से. दगडी बुरूज उभा आहे, आत कुणी नाही. ज्या पोलंडमध्ये तो पाद्र्यासाठी खोटी कबर खणून आला, त्या पोलंडात आता त्याची रिकामी कबर आहे. मास्तरांना यात न्याय दिसेल, मला नुसता योगायोग दिसतो.

काल रात्री पुतणीला लिन्यीपासूनचा भाग वाचून दाखवला. हार्डिंगच्या हातावर काही नाही, हत्तीवर खूप हसली, शब्द पाळला त्यावर 'हं'. मग विचारलं, "घोड्याचं काय झालं?" मी म्हटलं, मेला, इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटने भेट दिलेला होता. "मग त्याला कळवलं का कुणी?" असं विचारून ती जेवायला निघून गेली.